फिल्टरमागची सुतळी

तुमच्या तिकडे नळाखाली पेला धरायचा आणि प्यायचं, एवढंच पाण्याचं काम असतं. मागच्या खेपेला मी आले होते तेव्हा धाकट्याने विचारलं होतं की, आजी, तू नळ सोडलास की त्याच्याकडे बघत का उभी राहतेस. तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता सवडीने लिहिते. यात तुमच्या आईच्या पहिल्या बाळंतपणाची हकिकत आहे, म्हणजे मोठीच्या जन्माची. ती तुम्ही तुमच्या आईकडून थोडी वेगळी ऐकली असेल. तिच्या बाजूने ती खरीच आहे.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराला तुमच्या आजोबांनी बाजारातल्या गोलाईजवळ भांड्यांचं दुकान टाकलं. नवी ऑफिसं आली, बदलीवर आलेले नोकरदार आले, त्यांचे संसार मांडायला पातेली, डबे, घागरी लागल्या. दुकान चाललं. माझं माहेर कंधारचं, पण वडिलांनी मला हैदराबादला इंग्रजी शाळेत ठेवलं होतं आणि कॉलेज नांदेडला झालं. त्यामुळे घरात इंग्रजीत छापलेलं जे काही येई ते माझ्यापुढे येई. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद, मिक्सरची वॉरंटी, सगळं. मी ते वाचायचे आणि ज्याच्या त्याच्या जागी ठेवायचे.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहिते आहे, त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. नळ कधीच बंद पडले होते. अंगणातलं बोअर हिवाळ्यापासून नुसती हवा फेकत होतं. आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा आणि आमच्या हौदात ओतून जायचा. ते पाणी कुठून आलं, हे टँकरवाल्यालाही नीट सांगता येत नसे. कधी ते मचूळ असे, कधी त्याला मातीचा वास येई. दुकानात पितळेच्या घागरी धूळ खात होत्या आणि प्लॅस्टिकचे ड्रम मात्र येतील तसे खपत होते. आजोबांना ती विक्री आवडत नव्हती. त्यांनी ड्रमचा भाव वाढवला नाही, यावरून शेजारचा दुकानदार त्यांना हसायचा.

तुमची आई तेव्हा कोल्हापूरला सासरी होती आणि तिला दिवस गेले होते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि लेकीला घेऊन यायचं, यात विचारण्यासारखं काही नसतं. पण तिसऱ्या महिन्यात तिला कावीळ झाली. बरी झाली, तरी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हिच्या पोटात पाणी जाईल ते खात्रीचंच जायला हवं. पुढच्या रविवारी माझ्या विहीणबाईंचा, म्हणजे तुमच्या कोल्हापूरच्या आजीचा, फोन आला. त्या कधी वाकडं बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही.

"आमचं काय म्हणणं नाही बघा," त्या म्हणाल्या. "पोरगी तुमची, पहिलं बाळंतपण तुमचंच. पण टीव्हीवर रोज तुमच्याकडच्या घागरींच्या रांगा दाखवाय लागल्यात. पाण्याची खात्री असंल तर खुशाल न्या."

मी खात्री आहे म्हणाले. नव्हती. फोन ठेवल्यावर आजोबांनी विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं. ते म्हणाले, पोरीला पाणी देता येत नाही म्हणून ती बाहेर बाळंत झाली, असं चार माणसांत व्हायला नको. पाण्याचे जार विकत मिळत होते, पण ते कोण कुठे भरतं कुणाला माहीत नव्हतं आणि गल्लीत दोन घरी कावीळ होऊन गेली होती. शेवटी नांदेडहून माझ्या भावाने घरात बसवायचा आरओ फिल्टर घेऊन दिला. संक्रांतीच्या आसपास तो आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर भिंतीवर लागला.

पहिल्या दिवशी त्याचं पाणी प्यायले तेव्हा मला कंधारच्या आमच्या विहिरीची आठवण झाली, इतकं ते हलकं लागलं. बसवणाऱ्याने एक छोटं मीटर दिलं होतं. ते पेल्यात बुडवलं की पाण्यातल्या क्षारांचा आकडा येतो. टँकरच्या पाण्याचा आकडा हजाराच्या पुढे होता, फिल्टरच्या पाण्याचा साठ-सत्तर. मी लगेच तुमच्या आईला फोन करून तो सांगितला. ती हसली आणि म्हणाली, आई, तू माझा ताप मोजल्यासारखं पाणी मोजतेस. मग तिने विचारलं, माझी खोली लावलीस का. मी म्हणाले, लावते आहे.

मशीनला दोन पांढऱ्या नळ्या होत्या. एकीतून चांगलं पाणी टाकीत पडे. दुसरी मशीनच्या मागून खाली येऊन मोरीत सोडलेली होती. तिच्यातून मशीनने नाकारलेलं पाणी बाहेर पडे आणि ते चांगल्याच्या तिप्पट तरी असे. ते मोरीत जाऊ द्यायचा प्रश्नच नव्हता. मी नळीखाली बादली ठेवली. त्या पाण्याने भांडी घासायची, फरशी पुसायची, संडासात टाकायचं. तरी बादल्या भराभर भरत. आजोबा सकाळी लिंगपूजेला बसत, त्यांच्या पाठीमागे ती नळी सारखी वाहत असे. पूजा आटोपली तरी ते जरा वेळ तिच्याकडे बघत बसत.

महिन्याभराने मशीन मंदावलं. आधी टाकी तासाभरात भरे, ती आता दुपार झाली तरी अर्धी. चव उतरली. मीटरचा आकडा दोनशेच्या वर गेला, मग तीनशे. फिल्टर नांदेडहून घेतलेला म्हणून मेकॅनिकही तिथूनच यायचा. आज येतो, उद्या येतो करत आठवड्याने आला. मशीन उघडून त्याने सांगितलं की तुमच्या टँकरच्या पाण्यानं सगळं चोंदलंय, काकू. आतल्या कँडल बदलल्या, मेंब्रेन बदललं. मेंब्रेन म्हणजे मशीनच्या पोटातली कागदासारख्या पातळ पापुद्र्याची घट्ट गुंडाळी, तीच क्षार अडवते. आकडा पुन्हा साठावर आला. जाताना तो म्हणाला की हे आता वर्षभर बघायला नको.

पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तेच. तेव्हा तुमच्या आईला सातवा लागला होता. ओटी भरायला कोल्हापूरला जायचा आणि तिला घेऊन परतायचा दिवस ठरला होता. विहीणबाईंचा फोन दर रविवारी यायचाच. मी दर रविवारी जुना, चांगला आकडा सांगायचे. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, सगळ्यांचीच मशीनं बिघडून राहिलीत, नंबर लावा.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवसांत बरी वाटत होती. नाकारलेल्या पाण्याची बादली पूर्वीसारखी भरत नव्हती. मला वाटलं, नवीन मेंब्रेन निदान पाणी तरी कमी वाया घालवतंय.

मेकॅनिक येईना, तेव्हा एका सकाळी आजोबा दुकानात गेल्यावर मी फिल्टरबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका काढली. शेवटच्या पानांवर बिघाड आणि त्यांची कारणं छापलेली होती. बहुतेक कारणांपुढे सर्व्हिस सेंटरला कळवा, एवढंच. पण धार मंद असेल तर पुढच्या गोष्टी क्रमाने तपासा, असंही होतं. मी क्रमाने तपासल्या. मशीनमध्ये पाणी सोडणारा कॉक पूर्ण उघडा होता. हौदातून पाणी चढवायचो त्या छतावरच्या टाकीत पाणी होतं. पहिली कँडल काढून बघितली, मळकी होती, पण चोंदलेली नव्हती. मोटर चालत होती, उलट नेहमीपेक्षा जास्त कण्हत होती. शेवटी लिहिलं होतं की सांडपाण्याची नळी दबलेली किंवा मुडपलेली नाही ना, ते पाहा. खाली बारीक अक्षरांत होतं की ही नळी कधीही बंद करू नये. अडवलेले क्षार याच पाण्याबरोबर वाहून जातात, नळी अडली तर ते मेंब्रेनवर साचतात आणि मेंब्रेन निकामी होतं.

मी स्टुलावर चढून मशीन खिळ्यांवरून जरा पुढे ओढलं. भिंत आणि मशीन यांच्या फटीत ती नळी मध्यावर दुमडलेली होती आणि दुमडीवर सुतळी बांधलेली होती. पार आवळलेली नव्हती, थेंब थेंब जाईल एवढी ढिली. दोन वेढे आणि वर सरकवलेला फास. दुकानात पातेल्यांची चळत बांधतात ती गाठ. दुकान टाकल्यापासून मी ती गाठ बघत आले आहे, ती दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं.

मी ती सोडली. बादलीत धो धो पाणी पडायला लागलं. मी मशीन बंद केलं आणि दुपारपर्यंत काही केलं नाही.

आजोबा जेवायला आले तेव्हा मी ताट वाढलं आणि सुतळी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलून बोटाला गुंडाळली.

"सापडली म्हणायची," ते म्हणाले.

"मेकॅनिक आला होता तेव्हा कुठे होती?"

"सोडून ठेवली होती."

"आणि तो गेल्यावर परत बांधलीत."

"हाव."

मी विचारलं की अहो, ही पोरगी येणार ती याच मशीनच्या भरवशावर, हे तुम्हाला ठाऊक होतं ना. तेव्हा ते जेवायचे थांबले.

"तीन बादल्या जातात तेव्हा एक घागर हाती येते," ते म्हणाले. "दिवसभर बाया ड्रम न्यायला येऊन राहिल्या दुकानात. परवा एकीनं विचारलं, भाऊ, ह्यात पाणी किती दिवस टिकतंय? मी म्हनलं, ताई, असलं तर टिकंल. अन् घरी येऊन बघावं तर आपलं मशीन खळाखळा सांडून राहिलंय. मला बघवत न्हाई. आणि हौद रिकामा झाला अन् ती येऊन बसली तर? तिच्यासाठीच वाचवून राहिलो होतो मी."

मी रागावलेलीच होते. पुस्तिकेतली ती बारीक अक्षरं मी त्यांना मराठीत वाचून दाखवली. ते ऐकून ते एवढंच म्हणाले की मग नवीन मेंब्रेन मागव.

मेकॅनिक आला. मी त्याला नळी दबली होती असं सांगितलं, कशाने ते सांगितलं नाही. पाणी पुन्हा हलकं झालं. सांडपाण्यासाठी आजोबांनी दुकानातून एक नवा निळा ड्रम आणून मोरीशेजारी मांडला. आता थेंबही वाया जाणार नव्हता. खोली तयार होती. पलंगाखाली शेगडीची जागा केली होती, जुन्या सुती पातळांची दुपटी शिवून ठेवली होती. डिंक, खोबरं, खारीक आणून झालं होतं. आजोबा रोज संध्याकाळी ड्रमात डोकावून किती भरलं ते बघत आणि खूश होत.

अशाच एका संध्याकाळी ते झाकण लावता लावता म्हणाले, "अगं, बाळाच्या आंघोळीला हे पाणी चालंल की. मग हौदातलं जास्त लागायचं न्हाई."

मी भांडी घासत होते, त्याच पाण्याने. माझ्या हातांना महिन्याभरापासून भेगा पडलेल्या होत्या. मी रोज रात्री त्यांना खोबरेल लावत होते आणि कारण मला माहीत होतं. त्या पाण्यात साबणाचा फेस होत नव्हता, दह्यासारखे कण व्हायचे. टँकरच्या पाण्यातले क्षार मशीनने बाजूला काढून घट्ट करून ठेवलेले होते त्या ड्रमात.

बाळंतिणीच्या घरात पाणी किती लागतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. तुमच्या आईच्या वेळी माझ्या आईने कंधारला मला रोज दोन वेळा कढत पाण्याने न्हाऊ घातलं होतं, घंगाळं भरभरून. बाळाची आंघोळ वेगळी, लंगोट, दुपटी, धुणं वेगळं. येणारी-जाणारी माणसं, त्यांचे चहा. मी हे सगळं एकदाही हौदाशेजारी उभं राहून मोजलं नव्हतं. मी पेल्यातलं पाणी मोजत बसले होते. मशीन बिघडलेलं होतं तोवर मला वाटत होतं की ते दुरुस्त झालं की झालं. ते दुरुस्त झालं आणि हौद पूर्वीपेक्षा लवकर रिकामा व्हायला लागला. टँकर पंधरवड्यावर गेला होता. गावात रेल्वेने पाणी येणार असल्याचं बोललं जात होतं.

मी हात पुसले आणि कोल्हापूरला फोन लावला. विहीणबाईंना नाही, तुमच्या आईला. ओटीला चार दिवस राहिले होते. मी सांगितलं की ओटी भरायला आम्ही येतो, पण तू तिकडेच राहा.

ती म्हणाली, "खोली लावून झाली म्हणालीस ना?"

"झाली."

"मग?"

"पाणी नाही गं पुरत."

ती म्हणाली, "मी काय पाण्यासाठी येत होते का, आई?"

मी म्हणाले, तुझ्या प्रकृतीसाठीच म्हणते. ती बरं म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिने तो कसा हळूच ठेवला ते मला अजून आठवतं, आपटला नाही काही नाही.

आजोबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

"मला इचारलं न्हाईस."

"विचारलं असतं तर तुम्ही तिला ये म्हणाला असतात."

"म्हनलो असतो," ते म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले.

मोठीच्या जन्माच्या आठ दिवस आधी आम्ही कोल्हापूरला गेलो. आता हे तुम्हाला विचित्र वाटेल. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आई-बाप तिच्या सासरी पाणी पीत नाहीत. मी ते फारसं मानत नव्हते, ओटीच्या वेळी मी चहासुद्धा घेतला होता. आजोबांनी घेतला नव्हता, तेव्हा आम्ही त्याच संध्याकाळी परत निघालो होतो म्हणून ते निभलं. आता राहायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आमच्या फिल्टरचं पाणी दोन मोठ्या कॅनमध्ये भरलं आणि एसटीत पायाशी धरून नेलं. दुष्काळातून पाणी घेऊन आम्ही पंचगंगेच्या गावात उतरलो. मी वाटेत एकदा म्हणाले की राहू द्या, लोक हसतील. ते म्हणाले, हसू दे.

व्याही हसले. चहाच्या वेळी ते शेजाऱ्याला सांगत होते, लातूरकरांनी कोल्हापूरला पाणी पुरवलं, पेपरात द्यायला पाहिजे. आजोबाही त्यांच्याबरोबर हसले. पण जेवताना ताटाशेजारी त्यांच्या कॅनमधला तांब्या असे आणि ते पेल्यात अर्ध्याच्या वर ओतून घेत नसत. मागच्या अंगणात मोलकरीण नळ सोडून धुणं धुवायची. तेव्हा ते उठून पुढच्या खोलीत जाऊन बसत.

तुमची आई माझ्याशी नीट बोलत होती. सगळ्यांशी बोलत होती तशीच. मी तिचे पाय चेपले, केस विंचरले. एकदा मी खोलीचा विषय काढला, की दुपटी बरोबर आणली आहेत. ती म्हणाली, इथे सासूबाईंनी शिवली आहेत गं, राहू देत, पुढे उपयोगी येतील.

मोठी दुपारी झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात विहीणबाई आधी आजोबांपुढे आल्या. त्यांच्या हातात घरून आणलेला तांब्या होता.

"नात झाली," त्या म्हणाल्या. "आता तरी आमच्या घरचं घ्या."

आजोबांनी तांब्या उंच धरून वरून तोंडात धार सोडली आणि पाणी संपेपर्यंत तो खाली आणला नाही. मग ते मला म्हणाले, "तू पण घे." विहीणबाईंनी पुन्हा भरून आणला. मी प्यायले. पाणी चांगलं होतं.

आत तुमची आई झोपली होती. तिला आणि बाळाला न्हाऊ घालायला कोल्हापूरची बाई ठरलेली होती, घरी नेल्या दिवसापासून ती येणार होती. पाणी तापवायला बंब मांडून ठेवलेला मी त्यांच्या मोरीत पाहिला होता. मला तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तांब्या धुतला आणि विहीणबाईंना परत दिला.